हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

हातानं पंप करायचं हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल, म्हणजे केबलच्या टोकाला थिंबल (तार टर्मिनलला नटनं आवळायची भोकवाली धातूची नळी) दाबून बसवायचं हत्यार, मी गेल्या पावसाळ्यात अमरावतीहून आणलं. सोबत १० ते १२० स्क्वेअरच्या (तारेची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये) षटकोनी डाय, म्हणजे दाबायचे साचे, आणि लोखंडी डबा, सगळं चार-पाच हजारांत. आता उन्हाळा सरत आलाय. आमच्या संत्र्याच्या बागेतला स्टार्टर, शेजारच्या वावरांतले स्टार्टर, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या केबल असं बरंच काम त्यावर झालं. टूल घेण्यासारखं आहे. मात्र डाय कशी निवडायची हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि थिंबल टिकणार की जळणार हे तिथंच ठरतं.

मोर्शी-वरूड पट्ट्यात बोअर खोल, मोटरी मोठ्या आणि लाईन कमी दाबाची. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते. साडेसात एचपीच्या सबमर्सिबलला एरवी १५ अँपिअरच्या आसपास लागतात. थिंबल सैल असली आणि तिथं १० मिलिओहम रोध तयार झाला, तर त्या एका टोकाला सव्वादोन वॅट उष्णता निघते. तेवढी पचते. पण डायरेक्ट स्टार्टरवर मोटर उचलताना करंट सहापट जातो आणि उष्णता करंटच्या वर्गात वाढते, म्हणजे छत्तीसपट, ८० वॅट. असते क्षणभरच, पण लाईन ये-जा करते त्या रात्री ऑटो स्विच किती वेळा मोटर उचलतो ते ओलीत करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दर वेळी धातू तापतो, फुगतो, आकसतो, पकड आणखी ढिली होते. शेवटी एक फेज तुटतो आणि मोटर दोन फेजवर घुमत जळते. मग मोटर बाहेर काढायचा खर्च, रिवाइंडिंगचा खर्च, आणि काळी पडलेली थिंबल परत त्याच स्टार्टरला! हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

"ठोकून देलं तं चालत नाही काय जी?" हे गावात सगळेच विचारतात. उत्तर म्हणून मी छन्नीनं ठोकलेली एक जुनी थिंबल आणि डायमध्ये दाबलेली एक, दोन्ही हॅक्सॉ ब्लेडनं आडव्या कापून ठेवल्या आहेत. ठोकलेलीत एका बाजूला तारा चेपल्यात, दोन तर तुटल्यात, दुसऱ्या बाजूला पोकळी आहे आणि तिच्यात पांढरी भुकटी. दाबलेलीत तारांचा गोलपणाच गेलाय. एकेक तार कोनाकोनाची होऊन मधाच्या पोळ्यासारखी शेजारणीला चिकटली आहे, मध्ये हवेला जागा नाही. विचारणाऱ्याच्या हातात हे दोन तुकडे दिले की पुढं बोलावं लागत नाही.

आता डाय. डायवर २५ लिहिलं आहे म्हणून ती २५ स्क्वेअरच्या कुठल्याही थिंबलला चालते, असं नाही. आकडा तारेचा असतो आणि डाय दाबते थिंबलच्या नळीला. तांब्याच्या थिंबलची नळी बारीक, ॲल्युमिनियमची जाड. जर्मन डीआयएन मानकात हे स्पष्ट दिसतं: २५ स्क्वेअरच्या तांब्याच्या थिंबलला १० नंबरची डाय (हा नंबर तारेचा नाही, डायचा), तेवढ्याच ॲल्युमिनियमच्या थिंबलला १२ नंबरची. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच थिंबलवर असा नंबरच नसतो. त्यामुळं नवीन मेकची थिंबल आली की मी आधी एक वाया घालवतो. मोठ्या डायपासून सुरू करतो. दोन्ही डाय एकमेकींना पूर्ण टेकल्या आणि तरी तार हिसक्यानं सरकली, तर डाय मोठी. टेकायच्या आधीच बाजूंनी पातळ कान निघाले, तर लहान. ते कान कानशीनं घासून थिंबल देखणी करता येते, पण आत नळीची भिंत पातळ झालेली असतेच. आणि थिंबल लहान पडते म्हणून केबलच्या चार तारा छाटणं तर कधीच नको.

ॲल्युमिनियमला जास्त जपावं लागतं. उघड्या तारेवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो आणि तो वीज वाहू देत नाही. म्हणून तारेच्या ब्रशनं घासायचं, त्याच दमात जॉइंटिंग कंपाउंड (थर परत धरू न देणारी पेस्ट) लावायचं आणि तार थिंबलमध्ये तळापर्यंत सारायची. पहिला दाब भोकाच्या चपट्या भागाकडून, पुढचा केबलच्या दिशेनं. हा क्रम उलटा करायचा नाही. स्टार्टरचं टर्मिनल तांब्याचं किंवा पितळेचं असेल तर बायमेटल थिंबल (नळी ॲल्युमिनियमची, चपटा भाग तांब्याचा) घ्या. पावसाळ्याच्या ओलीत तांब्याला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बोअरच्या चार स्क्वेअरच्या चपट्या केबलला हे टूल उपयोगाचं नाही. तिथं रॅचेटचं हातटूल लागतं, जे पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. सौर पंपाच्या एमसी-४ कनेक्टरची (पॅनेलच्या तारा जोडायचा प्लग) डाय आणखी वेगळी. तो पकडीनं दाबलेला दिसला तर अवश्य बदलून घ्या, कारण डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहज विझत नाही. आणि ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारेत करंट असतोच.

टूलबद्दल तक्रारी दोन. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये ठेवलं तेव्हा पिस्टनच्या सीलपाशी तेल पाझरू लागलं. ओ-रिंग (सीलचं रबरी कडं) बदलल्यावर थांबलं. दुसरं, जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह यात नाही. डाय टेकल्यावरही हँडल मारत राहिलं तर सगळा जोर सीलवर जातो. थोडे पैसे जास्त गेले तरी तो व्हॉल्व्ह असलेलंच टूल घ्या, असं मी सांगेन.

काम करताना 'लाईन गेलेली आहे' यावर कधीही भरवसा ठेवू नका. ऑटो बंद करा, किटकॅट (फ्यूज) काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि तिन्ही फेज टेस्ट लॅम्पनं तपासा. थिंबल बसवल्यावर मोटर तासभर चालू द्यायची आणि तापमान मोजायच्या गननं लांबूनच तिन्ही टर्मिनल बघायची. करंट तिन्हींवर सारखा असून एकच टर्मिनल जास्त तापत असेल, तर आधी नट आवळून बघतो, आणि तरी फरक राहिला तर ती थिंबल कापून नवी बसवतो.