सोयापेंड आंबवायचं कल्चर: तीन पुडे वापरून झाले, मग लिहितोय

लातूरकडं आमचं छोटं शेड आहे, गावरान आणि कावेरी जातीच्या मिळून साडेतीनशे कोंबड्या. 2021 ला सोयापेंडीचा (तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या चोथ्याचा) भाव एवढा चढला होता की सरकारनं 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे की खाल्लेली पेंड पक्ष्याच्या अंगी लागली पाहिजे, नुसती शेडात अंथरलेल्या तुसात जायला नको. म्हणून हे प्रोबायोटिक कल्चर आणलं. पाव किलोचा पुडा, 50 किलो पेंडीला एक. आत दोन प्रकारचे जिवाणू, बॅसिलस सबटिलिस आणि लॅक्टोबॅसिलस.

हे का करायचं ते आधी सांगतो, कारण दुकानदार नुसतं "पावर येते" म्हणतो. सोयापेंडीत प्रोटीन 44 ते 48 टक्के असतं, पण त्याच्यासोबत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या फोडायचं एन्झाइम कोंबडीकडं नसतंच, मग विष्ठा पातळ आणि चिकट होते. पेंड कंपनीत नीट भाजलेली नसेल तर ट्रिप्सिन इनहिबिटर पण राहतो, तो प्रोटीन पचूच देत नाही. ड्रममधे आधी बॅसिलस आतली हवा वापरत प्रोटीनचे तुकडे करतो, हवा संपली की लॅक्टोबॅसिलस आंबट करतो. म्हणजे कोंबडीच्या पोटातलं निम्मं काम बाहेरच उरकतं.

पहिला ड्रम दोन दिवस थंडच, म्हणजे आंबणं सुरूच झालं नाही. चूक पाण्याची होती, ग्रामपंचायतीच्या नळाला त्याच दिवशी टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकलेलं, त्यात जिवाणू कसे जगणार. पुड्यावर याबद्दल एक ओळ नाही आणि याचा मला खरंच राग आहे, कारण आपल्याकडं निम्म्या गावात असलंच पाणी येतं. आता रात्रभर उघड्या टोपात ठेवलेलं पाणी घेतो, त्यात अर्धा किलो गूळ विरघळवतो, कल्चर त्यातच कालवतो. ओल किती ते मुठीवर ओळखायचं, दाबली की गोळा व्हायला पाहिजे पण बोटांतून पाणी गळायला नको. मग निळ्या ड्रममधे पायानं दाबून भरायचं, वर जाड प्लास्टिक, झाकण घट्ट.

दुसऱ्यांदा तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर डोशाच्या पिठासारखा आंबूस वास, हात घातला तर आत कोमट, रंग जरा गडद. पीएच पट्टी साडेचारच्या खाली, म्हणजे नीट आंबट झालेलं. एवढं समाधान वाटलं की शेजारच्या काकांना बोलावून वास दाखवला.

तिसरा पुडा मेमधे घेतला, दुसऱ्या दुकानातून, पत्र्याचं दुकान आणि पुडे वरच्या फळीवर पत्र्याला लागून. बॅसिलस बीजाणूच्या रूपात उन्हाळा काढतो पण लॅक्टोबॅसिलस उष्णतेनं मरतो. झालंही तेच, झाकण काढलं तर नाकात अमोनिया, पेंड हाताला तार धरून चिकटलेली, आंबटपणा नाहीच आणि कडेला हिरवट बुरशी. 50 किलो खड्ड्यात पुरली. जीव तुटला, पण बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष आलं तर पक्ष्यांचं लिव्हर जातं, तेव्हा वरची बुरशी काढून खालचं खाऊ घालू नका, हात जोडून सांगतो. एक्सपायरी डेट सात महिने पुढची होती. दुकानदार म्हणाला परत घेता येत नाही, कंपनीचा फोन लागला नाही.

चांगल्या ड्रमचा फरक मात्र डोळ्यांनी दिसतो. खाद्यात आधी 5 टक्के, आठवड्यानं 10, दहाव्या-बाराव्या दिवसापासून तूस कोरडं राहायला लागलं, सकाळी शेडात गेल्यावर डोळे चुरचुरायचे ते थांबलं. वजनही चांगलं आलं, पण पिल्लांचा लॉट पण बदलला होता म्हणून त्याचं श्रेय एकट्या कल्चरला देत नाही. पाण्यातून अँटिबायोटिक चालू असेल तर त्या दिवसांत हे देऊ नका, औषधानं हे जिवाणूही मरतात. ओलं खाद्य उघडल्यावर चार-पाच दिवसांत संपवतो, उरलं तर सावलीत खडखडीत वाळवतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला तो साठवणीचा आणि पाण्याचा, कल्चरचा नाही. पुढचा पुडा पावसाळ्यात घेणार, तोही फ्रिज असलेल्या दुकानातूनच, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील.