जुन्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकांतली व्यंगचित्रं : काही महिने रोज वाचल्यावरचा अनुभव

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' आणि 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकांचे १९५०-६० च्या दशकातले स्कॅन केलेले अंक काही महिने रोज रात्री टॅबवर वाचतोय. घेतले होते वॉल्व्ह रेडिओच्या सर्किटसाठी, पण आता खरं सांगायचं तर अंक उघडला की आधी व्यंगचित्रंच शोधतो.

शोधावीच लागतात, कारण अनुक्रमणिकेत ती नसतात. पुढच्या पानांवरच्या लेखाचा उरलेला भाग मागच्या पानांवर जाहिरातींच्या मधे जिथे संपतो तिथे कोपऱ्यात एखादं चौकोनी चित्र, खाली एक ओळ, बास. म्हणून अंक शेवटच्या पानापर्यंत चाळायचाच.

मला सगळ्यात आवडतात ट्यूबवाली, म्हणजे जुन्या रेडिओ-टीव्हीतल्या काचेच्या वॉल्व्हवरची. तिकडे तेव्हा औषधांच्या दुकानातसुद्धा ट्यूब टेस्टर ठेवलेला असायचा, गिऱ्हाइकाने टीव्हीच्या सगळ्या ट्यूबा उपसून पिशवीत भरून न्यायच्या, तपासायच्या आणि घरी आल्यावर कुठली कुठे होती तेच आठवायचं नाही, मग मेकॅनिकला बोलावणं. आता ऑक्टल म्हणजे आठ पिनांच्या बेसची कुठलीही ट्यूब दुसऱ्या ऑक्टल सॉकेटात मस्त बसते पण आतली जोडणी वेगळी असल्याने सेट चालत नाही, हे माहीत असलं की त्या मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे बघूनच हसू फुटतं!

दुसरा लाडका विषय म्हणजे हॅमवाला, म्हणजे घरून रेडिओ संदेश पाठवणारा हौशी माणूस, आणि त्याचा शेजारी. हॅमने २८ मेगाहर्ट्झवर ट्रान्समिट केलं की दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रीक्वेन्सीचा नकोसा सिग्नल, पडतो ५६ वर, आणि तिकडचं टीव्हीचं चॅनल २ होतं ५४ ते ६० मेगाहर्ट्झ. म्हणजे शेजाऱ्याचा ऐन रंगात आलेला कार्यक्रम गेला, तो तावातावाने दारात हजर. हे गणित लेखात वाचलं होतं तेव्हा डोक्यावरून गेलं, चित्र बघितल्यावर कायमचं बसलं. हॅमचं आयुष्य बघायचं असेल तर 'क्यूएसटी' मासिकातली फिल गिल्डरस्लीव्ह म्हणजे 'गिल' यांची चित्रं आवर्जून बघा, ते स्वतः हॅम होते आणि रेषेरेषेत ते दिसतं.

खटकलेलं एकच, चित्रांतली बायको. ती कायम कपाळाला हात लावून उभी किंवा तिला काही कळतच नाही. दोन-चारदा ठीक, नंतर कंटाळा येतो आणि रागही येतो.

स्कॅन सगळीकडे सारखे नाहीत, काही ठिकाणी खालची ओळ पुसट, आणि ती ओळ गेली की विनोदच गेला. दहा इंची स्क्रीनवर वाचा, मोबाईलवर अजिबात नको.

सुरुवात ऑक्टोबर १९५४ पासून करा. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा तो पहिला अंक, आणि त्याच महिन्यात रीजन्सी टीआर-१ हा ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला, त्यामुळे ट्यूबा मागे पडून ट्रान्झिस्टर कसा घराघरात शिरला ते व्यंगचित्रांतून क्रमाने बघायला मिळतं.