बेकरीच्या ओव्हनला गॅस ट्रेन बसवली: वर्षभर वापरल्यानंतर

पिंपरी-चिंचवडला आमची बेकरी आहे. पाव, खारी, टोस्ट, नानकटाई आणि सणासुदीला श्रुजबेरी, सगळं एका रोटरी रॅक ओव्हनवर चालतं, म्हणजे ट्रेची अख्खी ट्रॉली आत फिरते ती भट्टी. त्याचा डिझेल बर्नर काढून पाइपच्या गॅसवर आणला त्याला आता वर्ष होत आलं. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि गणपतीचा हंगाम पार पडला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

ओळखीचे बेकरीवाले पहिलं विचारतात, "बर्नर कुठला घेतला?" माझ्या मते बर्नर हा यातला दुय्यम भाग. ६० किलोवॅटच्या आसपासचे बरे बर्नर सगळे उन्नीस-बीस. खरा फरक पडतो तो मीटरपासून बर्नरच्या तोंडापर्यंत जे व्हॉल्व्ह बसतात त्यांत. या सगळ्या साखळीला फिटर लोक ‘ट्रेन’ म्हणतात, आणि कोटेशन महाग वाटलं की पहिली कात्री तिथेच लागते. मलाही एकाने "शेठ, एक सोलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) टाकू, झालं काम" असं सांगून बराच स्वस्त भाव दिला होता. त्याला नाही म्हटलं.

आमच्याकडे क्रम असा आहे: भिंतीवर हाताने बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह, मग फिल्टर, मग दाब उतरवणारा गव्हर्नर, कमी दाबाचा स्विच (गॅसचा दाब पडला की बर्नर बंद करणारा), एकामागे एक दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्यांच्या मधल्या जागेवर गळती तपासणारं छोटं यंत्र, आणि शेवटी बर्नर. मीटरनंतर गॅस १०० मिलिबार दाबाने येतो, बर्नरच्या तोंडाशी तो साधारण १२ मिलिबार ठेवलाय. घरच्या शेगडीला पाइपचा गॅस २१ मिलिबारने मिळतो, म्हणजे आकडे ऐकून घाबरण्यासारखं यात काही नाही.

दोन व्हॉल्व्ह कशाला, हा प्रश्न आमच्या वायरमनलाही पडला होता. दोन्ही एकाच वेळी उघडतात, एकाच वेळी बंद होतात, आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर सेकंदाच्या आत मिटतात. एकाच्या बैठकीत, म्हणजे झडप टेकते त्या जागी, कचरा अडकला तरी दुसरा गॅस अडवतो. एकच असेल आणि तो नीट मिटला नाही, तर रात्रभर भट्टीच्या पोटात गॅस झिरपत राहतो आणि पहाटे ठिणगी पडते. नैसर्गिक गॅस हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. ओव्हनच्या बंद ज्वलनकक्षात तेवढं प्रमाण व्हायला फार वेळ लागत नाही.

गळती तपासणारं यंत्र या आकाराच्या बर्नरला सक्तीचं नाही. युरोपीय नियमात ते १२०० किलोवॅटच्या वर सक्तीचं होतं. तरी मी घेतलं, आणि या सगळ्या खरेदीत सर्वात जास्त समाधान त्याचंच आहे. बर्नर सुरू होण्याआधी ते दोन मिटलेल्या व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत छोट्या पंपाने दाब थोडा वाढवतं आणि थांबून बघतं. दाब टिकला तर पुढचं काम सुरू, नाही टिकला तर लाल दिवा. बसवल्यावर काही आठवड्यांतच त्याने लाल दिवा दाखवला. व्हॉल्व्हचा ब्लॉक उघडल्यावर पहिल्या व्हॉल्व्हच्या बैठकीवर टेफ्लॉन टेपचा बारीक तुकडा सापडला. फिल्टरनंतरचा एक जोड बसवताना फिटरने टेप भरमसाट गुंडाळली होती, तिचाच तो तुकडा. साबणाच्या पाण्याने हे कधीच कळलं नसतं, कारण बाहेर कुठेच गळत नव्हतं. ज्यांनी काम केलं त्यांनी टेप काढून पेस्टने जोड पुन्हा केले, पण चार फोन केल्यावर.

सुरुवातीला कारागिरांना या प्रकाराचा फार राग यायचा. डिझेलवर बटण दाबलं की काही सेकंदांत पेटायचं. इथे आधी गळतीची तपासणी, मग पंखा अर्धा-पाऊण मिनिट नुसती हवा मारून कक्ष धुऊन काढतो, हवेचा स्विच पंखा खरंच फिरतोय याची खात्री करतो, मग ठिणगी, मग व्हॉल्व्ह. पुढच्या काही सेकंदांत ज्योत दिसली नाही तर सगळं बंद आणि लॉकआउट, म्हणजे रिसेट दाबेपर्यंत बर्नर पुन्हा पेटत नाही. आमच्या भट्टीवरच्या चाचांनी पहिल्या आठवड्यात रिसेटचं बटण दाराच्या बेलसारखं वाजवलं. आमचा कंट्रोलर (हा सगळा क्रम चालवणारा डबा) पंधरा मिनिटांत पाचच रिसेट घेतो, मग गप्प बसतो, हे त्यांना फोनवर समजावताना पहाटेचे तीन वाजले होते. आता बटणाशेजारी पाटी आहे: दोनदा दाबा, नाही पेटलं तर मला उठवा.

लॉकआउटचं सगळ्यात चक्रावणारं प्रकरण जनरेटरचं. महावितरणच्या विजेवर बर्नर झकास चालायचा, लाइट गेली आणि जनरेटर लावला की पेटायचा, दोन-तीन सेकंद जळायचा आणि विझायचा. निळी ज्योत डोळ्यांना दिसतेय आणि कंट्रोलर म्हणतोय ज्योत नाही! डीलरच्या माणसाने आधी इलेक्ट्रोड बदलला, मग कंट्रोलर बदलायला निघाला. कारण वेगळंच निघालं. गॅसच्या बर्नरमध्ये ज्योत ओळखायला एक सळई ज्योतीत धरलेली असते. ज्योतीतून अगदी बारीक, काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह बर्नरच्या अंगातून अर्थमार्गे परत जातो, आणि कंट्रोलर तो मोजतो. आमच्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेलाच नव्हता, त्यामुळे त्या प्रवाहाला परतीची वाटच नव्हती. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि चेंजओव्हर (महावितरण-जनरेटर अदलाबदलीचा स्विच) नीट करून घेतलं, त्या दिवसापासून तक्रार नाही. डिझेल बर्नरमध्ये उजेड बघणारा फोटोसेल असतो, त्याला अर्थिंगचं काही पडलेलं नसतं. त्यामुळे डिझेलवरून येणाऱ्यांनी हे आधीच तपासून घ्यावं. फेज-न्यूट्रल उलटे लागले तरी बऱ्याच कंट्रोलरवर हाच खेळ होतो.

आता प्रवाह मोजण्याबद्दल, कारण माझा रोजचा फायदा तिथे आहे. बर्नरच्या तोंडाजवळ एक छोटा मिलिबार गेज मी हट्टाने बसवून घेतला. तोंडाचं छिद्र तेच राहतं, म्हणून दाब कळला की गॅस किती जातोय याचा अंदाज बांधता येतो. फक्त हिशोब सरळ नाही, वर्गमुळाचा आहे: दाब १२ वरून ९ झाला, म्हणजे पाव भाग घटला, तरी गॅस साधारण १३ टक्केच कमी होतो. पक्का आकडा हवा असेल तर बाकी सगळं बंद ठेवून मीटर आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसायचं. ६० किलोवॅटला तासाला साधारण ६ घनमीटर लागायला हवेत, म्हणजे सहा मिनिटांत मीटर ०.६ ने पुढे गेला पाहिजे. महिन्यातून एकदा मी हे करतो. एकदा आकडा हळूहळू खाली येताना दिसला, फिल्टर काढला तर जाळीवर पाइपातला गंज आणि वेल्डिंगची पापडी. खारीला रंग कमी येतोय म्हणून कारागिराने वेळ वाढवायला सुरुवात केली होती, मूळ कारण हे होतं.

मीटरवरचे घनमीटर आणि बिलातले प्रमाणित (ठरावीक दाब-तापमानाला धरलेले) घनमीटर यांचं गणितही एकदा करून बघितलं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे हवेचा दाबच ९५० मिलिबारच्या आसपास. त्यात आमचे १०० मिळवले की समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा थोडाच जास्त, आणि गॅस ३० अंशांना असला तर तो फुगल्यामुळे तेवढंच परत कमी. आमच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ फिटतात. हे वाचून कुणाला झोप आली असेल तर माफ करा, मला मजा आली.

उंचीचा एक खरा परिणाम मात्र आहे. हवा पातळ असल्याने पंख्याच्या शटरच्या (हवेच्या झडपेच्या) त्याच उघडीपवर ऑक्सिजन कमी मिळतो. मुंबईच्या हिशोबाने लावून आलेलं सेटिंग इथे चालत नाही. आमच्याकडे ज्योतीला पिवळी टोकं दिसत होती. चिमणीत अॅनालायझर (धुरातले वायू मोजणारं यंत्र) घालून शटर उघडत ऑक्सिजन ४ टक्क्यांच्या आसपास आणला, कार्बन मोनॉक्साइड खाली आलं, टोकं गेली. नुसतं डोळ्यांनी बघून ‘निळी आहे, ठीक आहे’ म्हणणाऱ्या इंजिनिअरला पैसे देऊ नका.

खर्चाचं विचाराल तर एक लिटर डिझेल म्हणजे ढोबळमानाने एक घनमीटर गॅस, उष्णता जवळपास सारखी. तुमच्या गावचे दोन भाव शेजारी मांडा, उत्तर मिळेल. भावाच्या पलीकडे वाचतं ते वेगळं: नोझल चोंदणं, काजळी, टाकीतलं पाणी, डिझेलचा वास. मालाचा दर्जा बदलला का? पावात फरक नाही. नानकटाई आणि श्रुजबेरीत आहे, कारण दोन टप्प्यांच्या व्हॉल्व्हमुळे तापमान आल्यावर बर्नर बंद-चालू न होता बारीक होतो आणि तापमानाचा झोका कमी बसतो.

कुरकुर करण्यासारखंही आहे. बिघाडाचं कारण दिव्याच्या उघडझापीने मोजायचं, आणि तक्ता पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. मी तो मोठा करून भिंतीवर चिकटवला. पावसाळ्यात इलेक्ट्रोडच्या चिनी मातीवर दमट थर बसतो आणि पहाटेची पहिली ठिणगी भलतीकडेच उडते. कोरड्या फडक्याने पुसलं की काम होतं, पण पुसायला बर्नर उघडावा लागतो. व्हॉल्व्हची सुटी कॉइल स्थानिक बाजारात मिळत नाही, मागवावी लागते. एक घेऊन ठेवली आहे.

पाइपलाइन नसलेल्या गावातल्या लोकांना हेच व्हॉल्व्ह १९ किलोच्या सिलिंडरवरही चालतील, पण नोझल आणि सेटिंग पूर्ण वेगळं लागेल, कारण एलपीजीच्या एका घनमीटरात नैसर्गिक गॅसच्या अडीच-तीन पट उष्णता असते. सिलिंडर कमी जोडले तर थंडीत ते गारठतात, दव धरतात, दाब पडतो आणि कमी दाबाचा स्विच ऐन गर्दीत बर्नर बंद करतो. स्विचला शिव्या न देता सिलिंडर वाढवा. गळतीचा डिटेक्टर एलपीजीला जमिनीलगत लावायचा, पाइपच्या गॅसला छताजवळ. एक जड, दुसरा हवेपेक्षा हलका. आमच्याकडे बसवायला आलेला मुलगा तो गुडघ्याच्या उंचीवर लावत होता.

पुढच्या सर्व्हिसला बारीक ज्योतीचा टप्पा अजून खाली आणता येतो का ते बघायचं आहे. अर्धी ट्रॉली टाकली की तो आत्ताही थोडा जास्तच पडतो. जमलं तर इथेच खाली लिहीन.