१०×५० ची दुर्बीण: दिवसभर गॅलेक्स्यांचे आकडे बघणाऱ्यांसाठी

ऑब्झर्वेशनल कॉस्मॉलॉजीत (म्हणजे निरीक्षणांवरून अख्ख्या विश्वाचा अभ्यास) पीएचडी करतेय म्हटलं की लोकांना वाटतं ही रात्रभर टेलिस्कोपला डोळा लावून बसत असणार. कुठलं काय, दिवसभर पायथॉन आणि एरर बार. गॅलेक्स्यांचा नकाशा काढणाऱ्या डेसी सर्व्हेचा पहिला मोठा डेटा मार्च २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, त्यात १ कोटी ८७ लाख ऑब्जेक्ट्स, तिकडे अमेरिकेत किट पीकच्या वेधशाळेत ४ मीटरच्या दुर्बिणीत ५००० छोटे रोबो प्रकाश वाहून नेणारं एकेक फायबर एकेका गॅलेक्सीवर नेऊन लावतात आणि माझ्यापर्यंत ती पोचते टेबलातली एक ओळ होऊन, रेडशिफ्ट (लांब जाणाऱ्या गॅलेक्सीचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते), त्याची एरर, आणि आकडा भरवशाचा आहे का ते सांगणारा फ्लॅग. बास. म्हणून ही दोन डोळ्यांची दुर्बीण घेतली, गाइडच्या मेलपासून लांब.

१०×५० म्हणजे १० पट मोठं दिसणार आणि पुढची भिंगं ५० मिमीची, भागाकार ५ मिमी, तेवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो आणि अंधाराला सरावलेल्या बाहुलीत मावतो. कृत्तिका तर टेलिस्कोपपेक्षा हिच्यातून भारी दिसतात, अख्खा पुंजका एका नजरेत! गुरूचे चंद्रही दिसतात, पण हात हलला की तेही नाचतात, हाताची थरथर पण १० पट होते ना. कोपरं भिंतीला टेकवा नाहीतर सरळ ट्रायपॉड. त्याचा अडॅप्टर बॉक्समध्ये नाही, वेगळा घ्यावा लागला, हे चीड आणणारं आहे. पट्टा पण मानेला काचतो.

खरी मजा देवयानी गॅलेक्सीची. अंधाऱ्या जागी लांबट धुरकट डाग दिसतो, बाकी काही नाही, पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालाय. आणि गंमत म्हणजे माझ्या कामात ही गॅलेक्सी बिनकामाची, विश्व प्रसरण पावतंय आणि ही बाई सेकंदाला ३०० किमीने आपल्याकडेच येतेय, रेडशिफ्ट सोडा, ब्लूशिफ्ट, प्रकाश उलट निळ्या बाजूला! तिचा काहीच आलेख काढायचा नसतो म्हणूनच बहुतेक तिला इतका वेळ बघवतं.

घेताना एवढं बघा, दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, मागच्या भिंगात प्रकाशाचे गोल दिसतील, ते कडेला चौकोनी कापल्यासारखे दिसले तर प्रिझम हलक्या दर्जाचं आहे, घेऊ नका. चष्मा असेल तर तो लावूनच ट्राय करा. माझी सध्या लॅबमधल्या एकाने नेलीये, परत मागितली तर म्हणतो ट्रायपॉड पण दे.