रुळात वीज की डब्यात बॅटरी?

मॉडेल रेल्वेचा नवा लेआउट बांधायला घेतला असेल किंवा जुना डीसीवरचा (रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून चालणारा) सुधारायचा असेल, तर एक गोष्ट प्लायवूड कापायच्या आधी ठरवून टाका: इंजिनाला वीज रुळातून द्यायची, की इंजिनामागच्या डब्यात बॅटरी ठेवून. फळीखालचं वायरिंग, सांध्यांची (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात त्या जागांची) रचना, रुळांवर रंग आणि गवत किती चढवायचं, सगळं त्यावरून ठरतं. साधा डीसी या तुलनेत धरलेला नाही. एकाच मार्गावर दोन इंजिनं स्वतंत्र चालवायची म्हटलं की तो मागे पडतो.

खालचं सगळं १:८७ प्रमाणातल्या नॅरोगेजला धरून आहे. शकुंतलेचा, म्हणजे विदर्भातल्या मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडीचा, गेज (दोन रुळांमधलं अंतर) ७६२ मिमी. त्याला ८७ने भागलं की ८.७६ येतात, म्हणून एन स्केल या छोट्या प्रमाणातल्या मॉडेलांचा ९ मिमीचा रूळ जवळजवळ चपखल बसतो आणि एन स्केलच्याच चेसिसवर इंजिनाचं अंग चढवता येतं. ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही. १६७६ला ८७ने भागलं तर १९.३ मिमी येतात आणि विकत मिळतो तो १६.५चा रूळ. मूर्तिजापूरला दोन्ही गेज शेजारी दाखवायचे असले की ही तफावत डोळ्यांत खुपते, पण तो विषय वेगळा.

रुळातून वीज द्यायची डिजिटल पद्धत म्हणजे डीसीसी; तिच्यात प्रत्येक इंजिनाला रुळातूनच वेगळा आदेश जातो. तिची बाजू लंगडी नाही, हे आधीच सांगतो. चार-पाच इंजिनं, आवाज, डब्यांत दिवे, कुठल्या टप्प्यात गाडी उभी आहे ते ओळखणारे सिग्नल असं काही मनात असेल तर डीसीसीला तोड नाही. हे आदेश ओळखणारा डिकोडर नखाएवढा असतो, इंजिनातच मावतो, चार्जिंगची भानगड नाही. डिकोडरमधल्या सीव्ही ३ आणि ४ या सेटिंग वाढवल्या की गाडी सुटताना-थांबताना खऱ्यासारखी रेंगाळते. मात्र वायरिंग मन लावून करावं लागतं. फळीखालून १.५ चौरस मिमीच्या घरगुती वायरची मुख्य जोडी फिरवा आणि फ्लेक्स ट्रॅकच्या (हवा तसा वाकणाऱ्या तयार रुळाच्या) प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून स्वतंत्र उपवायर द्या. रूळजोडावर भरवसा ठेवू नका. टिनाच्या खोलीत जानेवारीची रात्र १२ अंशांची आणि मे महिन्याची दुपार ४६ची, म्हणजे ३ मीटर निकेल-सिल्व्हर रूळ दीड ते पावणेदोन मिमी लांबतो. सगळे जोड झाळून टाकले तर मेमध्ये रूळ कमानीसारखा उचलतो. मोकळे ठेवले तर दोन पावसाळ्यांत जोडाच्या आत काळं धरतं आणि वीज अडते. म्हणून फट ठेवायचीच, आणि वीज उपवायरीने द्यायची. झालं की रुळांवर जागोजागी रुपयाचं नाणं आडवं टाकून बघा. प्रत्येक ठिकाणी रुळात वीज सोडणाऱ्या बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. नाही तोडली तर तिथली वायर बारीक आहे किंवा झाळ कच्ची आहे.

इंजिन फिरवायला त्रिकोण घातला तर दोन्ही रूळ एकमेकांना भिडून शॉर्ट होतो. एक बाजू दोन्ही टोकांना तोडून तिला ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे विजेची दिशा आपोआप उलटवणारं कार्ड, द्यावा लागतो. हे सगळं एकदाचं काम आहे. करणारा करतो आणि विसरतो.

न विसरता येणारी गोष्ट म्हणजे रूळ पुसणं.

ही तक्रार जगभर आहे, पण आपल्याकडे तिचं रूप वेगळं. दिवाळीनंतर वेचणी सुरू होते आणि भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. शेजारच्या खोलीत गंजी असली तरी रुईचे तंतू हवेत तरंगत येऊन रुळांवर बसतात, चाकांच्या तेलात भिजतात आणि रुळाच्या माथ्यावर दाबले जातात. मार्चमध्ये गव्हाचं थ्रेशर चालतं, त्याचा भुसा. एप्रिलपासून कूलर. त्याची ओली हवा थेट फळीवर आली तर नुसत्या उभ्या रुळावरही थर धरतो. त्यात चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या उडतच असतात, त्यांनी हा लगदा काळा आणि चिवट होतो. मोठं सहा आसांचं ब्रॉडगेज इंजिन यातून रेटून जातं, कारण वीज उचलायला त्याला बारा चाकं आहेत. नॅरोगेजचं चार-सहा चाकांचं हलकं इंजिन दोन चाकं काळ्या डागावर आली की थांबतं. सांध्यावर तर हमखास.

उपाय आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती फडक्यावर घेऊन पुसा. पॉलिश पेपर वापरू नका, त्याने पडलेल्या ओरखड्यांत घाण दुप्पट बसते. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची घाला, लगदा पसरवण्यात प्लॅस्टिकच्या चाकांचा वाटा मोठा असतो. डिकोडरला स्टे-अलाइव्ह कपॅसिटर जोडला तर सेकंद-दोन सेकंदांचा खंड निभावतो. हे सगळं केलं तरी कापसाच्या दिवसांत माझ्या फळीला दर बैठकीआधी पुसावं लागायचं. पूल, बोगदा आणि स्टेशनच्या छपराखालचा भाग धरून अर्धा तास. पाऊण तास गाडी चालवायला अर्धा तास झाडलोट. शहरातल्या बंद, एसीच्या खोलीत हे गणित बहुधा एवढं वाईट नसावं, म्हणून तिकडच्यांचा अनुभव वेगळा असला तर तो खोटा म्हणणार नाही. माझा कौल मात्र इथेच फिरला.

बॅटरीचा संच कसा जमतो ते सविस्तर सांगतो, कारण तयार संच आपल्याकडे सहज मिळत नाही आणि सुटे भाग नागपूरला किंवा टपालाने मिळतात. नॅरोगेजच्या इंजिनात जागा नसते, म्हणून इंजिनाला कायम जोडलेला शंभर मिमीच्या आसपास लांबीचा बोगीचा बंद डबा घ्या. त्यात ८०२०४० मापाचा एक लिथियम पॉलिमर सेल, म्हणजे ८ मिमी जाड, २० रुंद, ४० लांब, साधारण ६०० मिलिअँपिअर-तासांचा. रुंद सेल घेऊ नका, डब्याची आतली रुंदी २२ मिमीच भरते. सेलनंतर टीपी४०५६ हे चार्जिंगचं कार्ड, संरक्षण असलेलंच. मग एमटी३६०८ हा व्होल्टेज वाढवणारा, वाय-फायवरून आदेश घेणारा ईएसपी३२-सी३चा छोटा बोर्ड आणि मोटर चालवायला डीआरव्ही८८३३ हा मोटर-ड्रायव्हर.

चुका कुठे होतात? टीपी४०५६वर कारखान्यातून १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो सेलमध्ये १ अँपिअर ढकलतो. ६०० च्या सेलला ते फार झालं, सेल तापतो आणि वर्षभरात फुगतो. तो काढून ४.७ किलोओहम लावा, प्रवाह २५० मिलिअँपिअरच्या आसपास येतो आणि सेल तीनेक तासांत भरतो. एमटी३६०८चा पेच काही जोडायच्या आधी मल्टिमीटर लावून ५ व्होल्टवर आणा. सुरुवातीचे कितीतरी फेरे काहीच बदल दिसत नाही, कार्ड खराब आहे असं समजून फेकू नका. वाय-फाय सुरू होताना बोर्ड झटक्यात बराच प्रवाह ओढतो आणि त्याच क्षणी मोटरही सुटली तर बोर्ड स्वतःच रीसेट होतो. ५ व्होल्टच्या ओळीवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की हे थांबतं. बोर्डाच्या अँटेनावर शिशाचं वजन किंवा पितळी छप्पर येऊ देऊ नका.

बारा व्होल्टच्या मोटरला ५ व्होल्ट पुरतील का, ही शंका रास्त आहे. एक्स्प्रेसला नाही पुरणार. पण एन स्केलची चेसिस अर्ध्याहून कमी व्होल्टवर जी चाल देते, तीच नॅरोगेजला शोभते. शकुंतला काही पळायची गाडी नव्हती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर ती रमतगमतच जायची.

इंजिन आणि डब्यामधली वायर हा नाजूक मुद्दा. साधी पीव्हीसी वायर ताठ असते, वळणावर डब्याला रुळाबाहेर ढकलते. सिलिकॉन आवरणाची ३० किंवा ३२ गेजची वायर घ्या, थोडी झोळ ठेवा आणि मध्ये १.२५ मिमीचा कनेक्टर द्या.

एका चार्जमध्ये माझ्याकडे दीड तास निघतो. हिशोबही तसाच येतो: मोटर आणि बोर्ड मिळून एक वॅटच्या थोडं वर, सेलमध्ये सव्वादोन वॅट-तास, आणि तळ गाठेपर्यंत तो वापरायचा नाही. कार्डाचं संरक्षण अडीच व्होल्टच्या आसपास तोडतं, सेलच्या आयुष्यासाठी ते फार खाली आहे. प्रोग्राममध्ये ३.३ व्होल्टला गाडी थांबवा.

बॅटरीची खरी दुखती नस आहे मे महिना. ४५ अंशांवर लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं आणि टिनाखाली दुपारी तेवढं तापमान सहज असतं. पहाटे चार्ज करा, फुगलेला सेल लगेच काढून टाका आणि उन्हाळ्यात गाडी महिनाभर बंद राहणार असेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवून घरातल्या थंड कोपऱ्यात, माठाच्या बाजूला म्हणा हवं तर, धातूच्या डब्यात ठेवा. आवाजाची हौस असेल तरी बॅटरीवाला थोडा हिरमुसेल, कारण डीसीसीच्या तयार साउंड डिकोडरची सर छोट्या एमपी३ कार्डाला येत नाही. आणि रुईचे तंतू आसांना गुंडाळायचे ते इथेही गुंडाळतात. फरक इतकाच की महिन्यातून एकदा चिमट्याने काढले की भागतं. रात्री लाइन गेली तरी गाडी स्टेशनात पोचते, हा वरकड फायदा.

जुनी फळी बॅटरीवर न्यायची असेल तर उखडाउखड लागत नाही. आधी इंजिन उघडून चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या दोन्ही वायरी कापा. हे राहिलं आणि कोणी सवयीने रुळात डीसी सोडला तर बारा व्होल्ट थेट मोटर-ड्रायव्हरवर जातात, तो जळतो. मग फळीखालची मुख्य जोडी रुळांपासून सोडवा, पण काढून टाकू नका. सांधे फिरवणाऱ्या छोट्या मोटरींना (सर्व्होंना) आणि स्टेशनच्या दिव्यांना ती ५ व्होल्टवर कामी येते. सांधे हातानेच चालवायचे असतील तर फळीच्या कडेपर्यंत सायकलचा आरा घाला, वर्षानुवर्षं बिघडत नाही. त्रिकोणातले इन्सुलेटेड जोड तसेच राहू द्या, त्यांचा त्रास नाही.

ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतं त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे. इंजिन शेडमधल्या एकाच मार्गाचा ३० सेंमीचा तुकडा इन्सुलेटेड जोडाने तोडा आणि त्यात ६ व्होल्ट डीसी द्या. डब्याच्या धातूच्या चाकांवरून ती वीज शॉट्की डायोडच्या ब्रिजमधून टीपी४०५६च्या इनपुटला न्या. डायोडमध्ये थोडी गळून पाचच्या वर उरते, कार्डाला ती चालते. गाडी शेडमध्ये उभी केली की चार्ज होते, डबा उघडावा लागत नाही. पुसायचा रूळ उरतो तो तेवढाच, एक वीत-सव्वा वीत.

एक सूचना दोन्हीकडच्यांना. वावरातली खरी काळी माती चाळून रुळांकडेला टाकणार असाल तर आधी तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक तीन-चारदा फिरवा. बेसाल्टच्या मातीत लोहकण भरपूर असतात, ते मोटरच्या चुंबकाला चिकटून आर्मेचर घासतात.

रुळांच्या रंगाचा प्रश्न बॅटरीवाल्याला पडत नाही. डीसीसीत माथा चकचकीत ठेवावा लागतो, गवत रुळापासून दोन मिमी लांब ठेवावं लागतं, फेव्हिकॉलचा एक थेंब माथ्यावर वाळला तरी गाडी अडते. शकुंतलेच्या वाटेवर दारव्ह्याच्या अलीकडे-पलीकडे रूळ कसा दिसतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: गिट्टी नावापुरती, गवत माथ्याला टेकलेलं, लोखंड तपकिरी. बॅटरी असली की जळक्या तपकिरीचा हात रुळाच्या बाजूंनाच नव्हे, माथ्यावरही पातळसा फिरवता येतो. चाकं स्वतःच मधली रेघ घासून काढतात, आणि ती रेघ ब्रशने कधी जमत नाही इतकी खरी दिसते.