अडकलेलं बिल: चेकची केस, ‘समाधान’ की दिवाणी दावा?

काम झालं, बिल गेलं आणि ‘पुढच्या आठवड्यात करतो’ म्हणत क्लायंटने चार महिने काढले. रक्कम समजा १ लाख ८० हजार. वकिलाकडे जाण्याआधी हातात कोणता कागद आहे ते बघा, कारण रस्ता त्यावरच ठरतो.

बाउन्स झालेला चेक असेल तर बाकी सगळं नंतर. बँकेने चेक परत केल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायलाच हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की कोर्टात तक्रारीसाठी आपल्याला एक महिना. चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड आहे, म्हणून नोटिशीलाच पुष्कळदा पैसे येतात. नाही आले तर तारखांची तयारी ठेवा.

चेक नाही, पण ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे? मग मी डोळे झाकून ‘समाधान’ या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवरून सूक्ष्म-लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे जाईन. खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. क्लायंट दिल्लीचा असला तरी प्रकरण आपल्या भागातल्या परिषदेपुढे चालतं, हा छोट्या माणसासाठी केवढा आधार आहे! निकालाला कोर्टात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यातली निकालासाठीची ९० दिवसांची मुदत मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवू नका, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो. आणि नोंदणी कामाच्या आधीची हवी. ती फुकट आहे, आजच करून टाका. निव्वळ मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हा रस्ता मिळत नाही.

दोन्ही नसेल तर दिवाणी दावा. लेखी करार असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालच्या समरी सूटबद्दल, म्हणजे झटपट दाव्याबद्दल, विचारा. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठीसुद्धा कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कोर्ट फी, वकिलाची फी, आणि हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल, हातात आल्यावरही वसुलीची दरखास्त (अर्ज) वेगळी. १ लाख ८० हजारांसाठी हे परवडतं का, याचा हिशेब आधी मांडा. व्यावसायिक वाद ३ लाख किंवा त्याहून मोठा असेल, तर तातडीचा आदेश नको असल्यास आधी मध्यस्थी करावीच लागते. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाच्या नावावर जाऊ नका, तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे वाद चालतात.

क्लायंट देणं मान्य करतो पण हात आखडता घेतो, अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा न घालताच) प्रकरण म्हणून लोकअदालतीचा अर्ज करा. तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि अपील नसतं. दोघं राजी नसतील तर तिथे काही होत नाही.

दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. ‘थोडं थांब’ ऐकत तिसरं वर्ष उजाडू देऊ नका.