१ टीबीच्या एसएसडीत निघाले ६४ जीबी: ₹२,१९९ चा गंडा

ऑनलाइन विक्रेत्यानं ₹२,१९९ घेतले, १ टीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) म्हणून पाठवली आणि आत निघाली ६४ जीबीची फ्लॅश चिप. संताप याचा की डिस्क बंद पडलेली नाही. आजही ती कॉम्प्युटरला ९३१ जीबी सांगते, म्हणजे अस्सल १ टीबीची डिस्क सांगते तेवढंच. फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आकडा खोटा भरलाय. ६४ जीबी संपले की नवा डेटा जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, उघडली की कचरा.

जुनी हार्ड डिस्क जायला आलीय, हे निदान चुकलं नव्हतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळं 'कॉशन', ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे चढते. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यानं लटकलेले. सी५ चढायला लागला की हार्ड डिस्क बदलायचीच. (अशा डिस्कवर विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका, उरलासुरला जीवही जातो. आधी डेटा काढा.) काम चार स्क्रूंचं आणि ₹१२० च्या साटा केबलचं. खोट होती ती मालात.

विंडोज आणि प्रोग्रॅम मिळून ४८ जीबी. क्लोन, म्हणजे नव्या डिस्कवर त्याची हुबेहूब नक्कल, बिनबोभाट झालं, मशीन झटक्यात सुरू. मग फोटो कॉपी करताना वेग ४०० एमबीवरून १८ वर कोसळला. संशय यायला हवा होता तो इथे. पण डीरॅम (स्वतःची वेगवान मेमरी) नसलेल्या स्वस्त एसएसडीचा कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान जागा, भरला की अस्सल मालही असाच मंदावतो. ज्याला हे माहीत असतं, तोच इथे गाफील राहतो! आणि सिरियल नंबर? शून्यांची रांग आणि शेवटी १. मॉडेलच्या जागी नुसतं 'साटा एसएसडी'. खोक्यावर मात्र चकचकीत ब्रँड. हे सगळं स्क्रीनवर समोर होतं. पण पानावर ४.३ स्टार दिसत असताना सिरियल नंबर कोण वाचत बसतो?

ते स्टारही बघा. सगळे पहिल्या दोन-तीन दिवसांतले. 'पॅकिंग छान', 'कॉम्प्युटर उडतोय'. उडणारच, ६४ जीबी भरेपर्यंत! घरगुती वापरात तेवढं भरेस्तोवर परतीचे सात दिवस उलटलेले असतात. धंदाच त्या मुदतीवर बेतलेला. म्हणून डिस्क आली त्याच दिवशी, विंडोज टाकण्याआधी, रिकामी असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू या टेस्ट प्रोग्रॅमनं काठोकाठ भरून व्हेरिफाय करा, म्हणजे लिहिलेलं परत वाचून पडताळा. लिनक्सवर त्यासाठी एफथ्री आहे. रात्रभर लागलं तर लागू दे. क्विक फॉरमॅट यातलं काहीही तपासत नाही.

कस्टमर केअर म्हणे, "सर, डिस्क डिटेक्ट होतेय ना? ९३१ जीबी दिसतंय." टेस्टचा लॉग पाठवला तर 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर ग्राह्य नाही'. विक्रेत्याचा मेसेज: पाच स्टार द्या, ₹२०० परत घ्या. पोलीस चौकीत "दोन हजारांसाठी आलात?" आणि सायबरचा रस्ता. सायबरवाले म्हणतात, वस्तू मिळालीय, मग हा ग्राहकाचा वाद. ग्राहक तक्रार नोंदवली, ती कंपनीकडेच गेली, कंपनीनं स्वतःच 'रिझॉल्व्ह्ड' लिहून बंद केली. चोरालाच पंच नेमल्यावर दुसरं काय होणार? एकानंही ती डिस्क हातात घेऊन पाहिली नाही. त्याच पानावर ती अजून विकायला आहे. दरम्यान जुनी हार्ड डिस्कही गेली. रिकव्हरीवाल्यानं ₹९,५०० सांगितले.

चॅटवर वेळ घालवू नका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. ईमेल त्यालाच करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पार्सल फोडताना लेबल आणि सिरियल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या. परतीचं कारण 'बनावट वस्तू' हेच निवडा, 'आवडली नाही' नको. संशय आला तरी केसिंग उघडू नका, ते म्हणतील तुम्हीच आतलं बदललंत. आणि नव्या डिस्कची व्हेरिफाय टेस्ट एकही एरर न येता संपेपर्यंत जुन्या हार्ड डिस्कला फॉरमॅट मारू नका.